बिनवशिल्याची वाट

आमच्या किनाऱ्यावर मुलगा बारावी झाला की घरात दोन प्रश्न विचारले जातात. पासपोर्ट काढलास का? आणि तिकडे आपले कोण आहे? ‘तिकडे’ म्हणजे कुवेत, कतार, सौदी, दुबई. मुरूडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या कोणत्याही मोहल्ल्यात जा. नवे दोन मजली घर दिसले की ते कुठल्या देशातल्या पगारावर उभे राहिले, हे शेजारीच सांगतात. यात कमीपणा काही नाही. आखाताने आमच्या दोन-तीन पिढ्यांची चूल पेटती ठेवली, बहिणींची लग्ने लावली, मशिदींना फरशा बसवल्या. मात्र तिसरा एक प्रश्न आमच्या घरांतून फारसा विचारला जात नाही. सरकारी भरतीचा फॉर्म भरलास का? कुणी विचारलाच, तर उत्तर तयार असते, “आपल्याला कोण घेणार?”

मुरूड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवताना हे वाक्य मी तीस वर्षे ऐकले. निवृत्तीनंतर जमातखान्याच्या एका खोलीत स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना मराठीचा पेपर शिकवतो, तिथेही ते ऐकू येते. ऐकून ऐकून माझ्या ध्यानात आले, की या तीन शब्दांत दोन वेगवेगळ्या शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली शंका पैशाची. जागा विकल्या जातात, वशिला लागतो, तो आपल्याकडे नाही. दुसरी शंका नावाची. गुण असले तरी नाव वाचल्यावर बाजूला काढतील. दोन्ही शंका हवेतून आलेल्या नाहीत, त्यांच्यामागे अनुभव आहे. पण दोन्हींवर औषध एकच आहे. परीक्षेचा सगळा कारभार उघडा असणे, हे ते औषध. आणि त्याबद्दल आपण मराठी मुसलमान जितके बोलायला हवे तितके बोलत नाही.

सरकारी नोकर कोण होतो याने आपल्याला काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याला मी निसर्ग चक्रीवादळाची आठवण देतो. ३ जून २०२० ला ते आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, दिवसचे दिवस वीज नव्हती. त्यानंतर कित्येक आठवडे गावात सर्वांत मोठा माणूस होता तो तलाठी. कुणाचे घर पूर्ण पडले, कुणाचे अंशतः, कुणाची किती झाडे गेली, हे तो पंचनाम्यात लिहील तेच खरे. मदतीचा आकडा त्या कागदावरून ठरणार. अशा वेळी पंचनामा लिहिणारा माणूस पाच-दहा लाख मोजून खुर्चीत बसलेला असेल, तर तो ते पैसे कुणाकडून वसूल करणार? पडलेल्या घराच्या मालकाकडूनच. भरतीतला घोटाळा हा नोकरी न मिळालेल्या पोरांपुरता प्रश्न राहत नाही, तो असा प्रत्येक उंबऱ्यापर्यंत येतो.

परीक्षा घेऊन नोकर निवडण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या मोठ्या जागा संचालकांच्या मर्जीने वाटल्या जात. ज्याची ओळख त्याचा पुतण्या. १८५४ मध्ये इंग्लंडात नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मेकॉले यांच्या समितीने हिंदुस्थानच्या सनदी सेवेबद्दल शिफारशी केल्या, आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. खुली म्हणायची, पण ती लंडनमध्ये. आमच्याकडच्या मुलाने बोटीचे भाडे भरून जायचे, परक्या भाषेत पेपर लिहायचे आणि नापास झाला तर तसेच परत यायचे. १८७८ पासून तर कमाल वय एकोणीस वर्षांवर आणले गेले. परीक्षा इथेही घ्या, ही मागणी हिंदी पुढाऱ्यांनी कित्येक वर्षे लावून धरली, तेव्हा कुठे १९२२ मध्ये अलाहाबादला परीक्षा झाली. दार उघडे आहे असे सांगायचे आणि ते दार इतक्या दूर ठेवायचे की पोचणाराच नसावा, हीही एक प्रकारची बंदीच असते.

तरीही त्या दूरच्या दारातून आमच्याच जिल्ह्यातला एक मुलगा आत गेला. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ च्या आयसीएस परीक्षेत सर्वांमध्ये पहिले आले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्याच्या परीक्षकांनी एका गुलाम देशाच्या मुलाला पहिला क्रमांक दिला, तो प्रेमापोटी दिला नाही. पेपरातले गुण नाकारता आले नाहीत म्हणून दिला. परीक्षेची ताकद असेल तर ती एवढीच आहे. आमच्या जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दलही इतिहासकार लिहितात, की सुरुवातीच्या काळात सरदारकी बापाकडून मुलाकडे जात नसे. आरमारातला कर्तबगार माणूस त्या जागी बसवला जाई. म्हणजे गुणांवर माणूस निवडण्याची कल्पना या समुद्रालाही अगदीच परकी नव्हती.

आता नावाच्या शंकेकडे येऊ. लेखी परीक्षेत मुलाला बैठक क्रमांक मिळतो. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नसते, ओळख पटेल अशी खूणही करायची नसते. केली तर ती उत्तरपत्रिका बाद होऊ शकते. तपासणाऱ्याच्या हातात कागद येतो तेव्हा तो मोहल्ल्यातून आला की आळीतून, कोळीवाड्यातून की बौद्धवाडीतून, हे त्याला दिसत नाही. मी मुलांना सांगतो, बाबांनो, तुमच्या आयुष्यात अशा जागा किती आहेत ते मोजा. घर भाड्याने घेताना नाव विचारतात, कर्ज मागताना विचारतात, नाक्यावर गाडी थांबवली तरी विचारतात. उत्तरपत्रिका ही फार थोड्या जागांपैकी एक, जिथे तुमच्या नावाने तुमचे काही बिघडत नाही.

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख यांची हकीकत अनेकांनी वाचली असेल. रिक्षाचालकाचा हा मुलगा यूपीएससीच्या २०१५ च्या परीक्षेत, एकविसाव्या वर्षी, ३६१ वा आला आणि आयएएस झाला. पुण्यात शिकायला आला तेव्हा मुसलमान म्हणून खोली मिळेना, शेवटी आपण शुभम हे नाव सांगून राहिलो, असे त्यांनी स्वतः निकालानंतर सांगितले. तो निकाल लागला तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटले गेले. पण मला त्यातली एकच गोष्ट मोठी वाटली. पुण्यातल्या खोलीसाठी या मुलाला नाव बदलावे लागले. देशातल्या सर्वांत अवघड परीक्षेच्या पेपरात बदलावे लागले नाही. त्या बैठक क्रमांकाशी कुणी खेळ केला, तर सर्वांत आधी बुडतो तो ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही असा मुलगा. वशिलेवाल्याला परीक्षा बंद झाली तरी चालते. बिनवशिल्याची वाट ही एकच आहे.

आणि या वाटेवर खड्डे पाडले गेले आहेत, हे नाकारून चालणार नाही. २००२ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगातला गुण वाढवण्याचा प्रकार उघडकीस आला. पुढे अटकेची कारवाई आयोगाच्या माजी अध्यक्षांपर्यंत गेली. ज्या आयोगाकडे सगळा महाराष्ट्र विश्वासाने पाहत होता, त्याच्याच कपाटातल्या उत्तरपत्रिका सुरक्षित नव्हत्या. आयोगाबाहेरच्या भरत्यांचे तर विचारायलाच नको. २०१७ मध्ये महापरीक्षा पोर्टल आले, तक्रारींचा ढीग झाला आणि २०२० मध्ये ते बंद करावे लागले. २०२१ च्या अखेरीस आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात निघाले, आणि फोडणाऱ्यांत खात्यातलेच अधिकारी होते. म्हाडाची परीक्षा १२ डिसेंबर २०२१ ला व्हायची होती. ती आदल्या रात्री रद्द झाली, तेव्हा गावोगावची पोरे परीक्षेच्या शहरात पोचलेली होती. त्याच महिन्यात शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र असताना पात्र ठरवले गेल्याचे समोर आले. साडेसात हजार जणांच्या हातातली प्रमाणपत्रे खोटी, आणि ती कशासाठी, तर मुलांना शिकवण्यासाठी! शिक्षक म्हणून माझी मान त्या दिवशी खाली गेली.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाला एक हजार रुपये शुल्क होते. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला २१४ गुण असल्याचे दिसले आणि एकच गदारोळ झाला. परीक्षा अनेक सत्रांत झाली होती, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून अवघड पेपरवाल्यांचे नुकसान होऊ नये यासाठी गुणांचे सामान्यीकरण केले जाते आणि त्या हिशेबात गुण दोनशेच्या वर जाऊ शकतात, असा खुलासा झाला. हिशेब म्हणून त्यात तथ्य आहे. पण दहा लाख मुलांना तो आधी समजेल अशा मराठीत कुणी सांगितला? न्याय झाला असेलही. तो झाल्याचे दिसले नाही. आणि जे दिसत नाही त्यावर आमच्यासारख्यांचा विश्वास कसा बसावा?

इथे मला दोन मुलांबद्दल सांगायचे आहे. दोघेही आमच्या खोलीत येणारे.

पहिल्याचे वडील कुवेतहून कायमचे परत आलेले. एके दिवशी मगरिबनंतर ते माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, एक माणूस भेटलाय. म्हणतो, इतके दिले की पोराचे काम होते. अर्धे आधी, अर्धे ऑर्डर आल्यावर. तुम्ही काय म्हणता?”

मी म्हणालो, “भाई, हे पैसे तुम्ही पंचेचाळीस-पन्नास डिग्रीच्या उन्हात कमावलेत. हलालचे आहेत. कशाला त्या वाटेला जाता?”

ते म्हणाले, “देणारे देतातच ना, सर. आपण नाही दिले तर आपलाच पोरगा मागे राहतो. मग नुकसान कुणाचे?”

या प्रश्नाला सोपे उत्तर नसते. ज्या समाजात सगळेच देतात अशी समजूत पसरते, तिथे न देणारा माणूस स्वतःलाच मूर्ख वाटू लागतो. त्यांनी शेवटी पैसे दिले नाहीत. मुलगा दोन वर्षे वेगवेगळ्या भरत्यांच्या परीक्षा देत राहिला. एकदा पेपर फुटल्याची बोंब झाली, एकदा निकालच लांबला, एकदा यादीत नाव नव्हते. मग विसा आला आणि तो कतारला गेला. तो कमी गुणांनी राहिला की कुणाच्या पैशांनी, हे त्याला आजतागायत कळलेले नाही. तिकडून फोन करतो तेव्हा म्हणतो, “सर, तिथे आपले काही होत नव्हते.” मी त्याला खोडून काढू शकत नाही आणि दुजोराही देऊ शकत नाही, कारण मलाही माहीत नाही.

दुसरा मुलगा राज्य आयोगाच्या पूर्वपरीक्षेला बसला. त्या परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराला घरी नेता येते. आयोग उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर हरकती मागवतो, मग दुसरी, अंतिम तालिका येते. हा मुलगा कार्बन प्रत आणि तालिका शेजारी ठेवून बसला. एकेक उत्तर ताडून पाहिले, चुकलेल्यांचे गुण वजा केले. निकाल आला, गुणांची सीमारेषा जाहीर झाली. माझ्याकडे येऊन म्हणाला, “सहा गुणांनी गेलो, सर. अर्थशास्त्रात मार खाल्ला.” तो वाईट वाटून घेत होता, पण त्याच्या तोंडून एकदाही ‘आपल्याला कोण घेणार’ आले नाही. दुसऱ्या दिवशी तो अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन हजर.

दोघेही हरले. फरक इतकाच, की एकाला आपली हार दिसली आणि दुसऱ्याला दिसली नाही. परीक्षेच्या पारदर्शकतेचा खरा अर्थ मला या दोन मुलांनी शिकवला. जिंकणाऱ्याला पारदर्शकतेची फारशी गरज नसते, त्याला नेमणुकीचा कागद पुरतो. ती हरणाऱ्यासाठी असते. आपण का हरलो हे ज्याला कळते तो पुन्हा अभ्यासाला बसतो. ज्याला कळत नाही तो संशय घेऊन घरी जातो आणि तो संशय धाकट्या भावालाही देतो. आमच्या मोहल्ल्यांत तो असाच पिढीजात झाला आहे.

जे एका मुलाचे, तेच समाजाचे. न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्या वेळी केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री होते आपल्याच आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. आयएएसमध्ये मुसलमान तीन टक्के, आयपीएसमध्ये चार, परराष्ट्र सेवेत १.८, लोकसंख्येत मात्र तेरा टक्क्यांहून अधिक. हे आकडे आपल्या सभांतून शेकडो वेळा सांगितले गेले. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. २००३ आणि २००४ मध्ये सनदी सेवांच्या मुख्य परीक्षेला बसलेल्यांत मुसलमान जेमतेम ४.९ टक्के होते, आणि जे बसले त्यांच्या यशाचे प्रमाण साधारण इतरांइतकेच होते. म्हणजे परीक्षेच्या दारात आपल्याला अडवल्याचे त्या आकड्यांत दिसत नाही. बहुसंख्य मुले दारापर्यंत पोचतच नव्हती. ती कुठे गळत होती? सातवीत, दहावीत, फीच्या रांगेत, विसाच्या कचेरीत आणि ‘आपल्याला कोण घेणार’ या वाक्यात.

समाजाच्या हातात पडलेली ही त्याची तपासलेली उत्तरपत्रिकाच होती. तिने सरकारलाही गुण कमी दिले आणि आपल्यालाही. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांचा जाब सरकारला विचारायलाच हवा. पण ‘घेतच नाहीत’ हे कारण आकडे पाहिल्यानंतर पूर्वीइतक्या सहजपणे सांगता येत नाही. उघडे आकडे आपल्या सोयीचेच निघतील असे नाही. तरीही ते मागायला हवेत, कारण अंधारात दोन्ही बाजूंनी दगड येतात.

दुसऱ्या बाजूचा दगड आपण २०२० मध्ये पाहिला. त्या वर्षी निकाल लागलेल्या यूपीएससीच्या परीक्षेत निवडलेल्या ८२९ उमेदवारांत मुसलमान साधारण पाच टक्के होते. सुदर्शन वाहिनीने त्यावरून ‘यूपीएससी जिहाद’ नावाचा कार्यक्रम आणला आणि मुसलमान कारस्थान करून नोकरशाहीत घुसत असल्याचे सांगायला सुरुवात केली. १५ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उरलेल्या भागांना मनाई केली. या परीक्षेत धर्मावरून वयाची किंवा संधींची एकही सवलत नाही. इतर मागासवर्गाची सवलत त्या यादीतल्या सर्व धर्मांच्या जातींना सारखी लागते. पण खोटे बोलणाऱ्याला नियम वाचायचे नसतात. आम्हाला वाटते आम्हाला घेत नाहीत, त्यांना वाटते आम्हाला फुकट घेतात. दोन्ही संशयांना उत्तर एकच: पेपर, उत्तरे, गुण, नियम सगळ्यांसमोर ठेवा आणि ज्याला मोजायचे त्याला मोजू द्या.

आता वाटेवरचे पुढचे वळण पाहू. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. ती २०२३ मध्येच होणार होती; पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर पुढे ढकलली गेली. आता लेखी परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण. माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला लिहायला लावणारी परीक्षा आवडते, कारण अधिकाऱ्याला चार ओळी नीट लिहिता आल्याच पाहिजेत. पण वस्तुनिष्ठ पेपरला जी कार्बन प्रत आणि उत्तरतालिका होती, ती निबंधाला कुठून आणणार? तिथे तपासणाऱ्याचा हात पुन्हा मोकळा होतो. आणि मुलाखतीत तर बैठक क्रमांकामागचे नाव, चेहरा, दाढी, ओढणी, बोलीतला कोकणी हेल, सगळे समोर बसते. जिथे पाच गुणांनी शेकडो माणसे मागेपुढे होतात, तिथे २७५ गुण थोडे नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असायला हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते असा निकाल दिला. २०१८ मध्ये यूपीएससीच्या बाबतीत मात्र त्याच न्यायालयाने गुणांचा तपशील सरसकट देता येणार नाही, गुप्ततेचाही विचार करावा लागेल, असे म्हटले. या दोन निकालांच्या मधली जागा आयोगांनी आपण होऊन भरायला हवी. वर्णनात्मक पेपरला गुण कसे दिले याचे निकष निकालानंतर प्रसिद्ध व्हावेत. उत्तरपत्रिका उमेदवाराला पाहता यावी. यूपीएससीत मुलाखत मंडळाला लेखी परीक्षेचे गुण सांगत नाहीत, तो नियम सगळीकडे कटाक्षाने पाळला जावा. मुलाखत मंडळांवर अल्पसंख्याक समाजातली माणसेही असावीत, असे सच्चर समितीनेही सुचवले होते. किती अर्ज आले, किती पूर्वपरीक्षेत, किती मुख्य परीक्षेत, किती मुलाखतीत पोचले, याचे समाजवार आकडे दरवर्षी छापले जावेत. मग कोण कुठे गळतो, हे कुणालाही दिसेल.

केंद्र आणि वेळापत्रक हेही न्यायाचेच भाग आहेत. माझी भाची एका भरतीला बसली तेव्हा तिला केंद्र मिळाले दोन जिल्हे ओलांडून. म्हसळ्याहून माणगाव, तिथून पुढे; एक मुक्काम, सोबतीला माझे मेहुणे, त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. पुढच्या परीक्षेला ‘मुलीला एवढ्या लांब कुठे पाठवायचे’ असे घरात म्हटले गेले. लंडनच्या परीक्षेची गोष्ट मी वर सांगितली ती यासाठीच. आणि उशीराबद्दल बोलायचे, तर २०२१ मध्ये पुण्याच्या एका तरुणाने मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखत होत नाही म्हणून जीव दिला. त्या काळात आयोगावरच्या सदस्यांच्या जागा रिकाम्या पडून होत्या. तो कुठल्या धर्माचा होता हे विचारायची गरज नाही. तो आपल्या खोलीत बसणाऱ्या मुलांपैकीच होता.

२०२४ मध्ये पेपरफुटीविरुद्ध केंद्राने कायदा केला. टोळीने गुन्हा केल्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपला कायदा आणला. कायदे हवेतच. पण पेपर फुटतो तो विकत घेणारा असतो म्हणून, आणि विकत घेणारा कधी कधी आपल्याच सफेत बसलेला असतो. पद म्हणजे अमानत, ज्याची त्याला पोचवायची, हे आपण दर शुक्रवारी ऐकतो. लाच घेणे हराम तसे देणेही हराम, हेही ऐकतो. मग परीक्षेतली जागा विकत घेणे म्हणजे काय? कुणातरी अनोळखी, हुशार, गरीब मुलाची अमानत उचलणे. तो मुलगा रोह्याचा कुणबी असेल, अलिबागचा कोळी असेल किंवा आपल्याच गल्लीतल्या विधवेचा पोर असेल. जमातीच्या बैठकीत हुंड्यावर बोलतात, दारूवर बोलतात, तसे यावरही एकदा बोलले जावे, असे मला मनापासून वाटते.

आरक्षणाचा प्रश्न वेगळा आहे. २०१४ च्या जुलैत राज्यात मुसलमानांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, आणि अध्यादेशाचा कायदा झाला नाही. ती लढाई ज्यांनी लढायची त्यांनी लढावी. पण आरक्षण असो वा नसो, जागा भरणारी परीक्षाच नासकी असेल तर हाती काय येणार?

शेवटी भाषेबद्दल. राज्य आयोगाचे पेपर मराठीत किंवा इंग्रजीत लिहायचे असतात. आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी मुले उर्दू शाळांतून येतात. घरी कोकणी बोलतात, बाजारात मराठी बोलतात, पण पानभर मराठी लिहायची वेळ आली की हात अडखळतो. त्याला उपाय आपल्याच हातात आहे. उर्दूवर प्रेम करा, ती आपली ठेव आहे. पण पाचवीपासून रोज एक पान मराठी लिहायला लावा. ज्या लोकांचे पंचनामे लिहायचे आहेत, त्यांची भाषा नीट लिहिता आली पाहिजे. मराठी मुसलमान म्हणून आपण इतकी वर्षे जी भाषा आपली म्हणून सांगत आलो, ती आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेतही दिसू दे.

आमच्या खोलीत येणाऱ्या मुलांना मी तीन कामे सांगून ठेवली आहेत. फॉर्म भरा. कार्बन प्रत जपून ठेवा. आणि निकालानंतर, पास असा की नापास, आपले गुण मागून घ्या. नापास झालेल्या मुलाने आपले गुण मागणे हा आमच्याकडे अजून थोडा लाजेचा प्रकार समजला जातो. ती लाज जावी, एवढी माझी इच्छा आहे.